पाहुण्यांपुरतं घर

आमच्या गल्लीत कुणाकडे परका माणूस येणार असला की त्या घरात सगळ्या गल्लीचं सामान जमा होतं. ही रीत कुणी घातली ते मला ठाऊक नाही, मी इथे राहायला आले तेव्हापासून आहे. सलूनवाल्याची हातांची खुर्ची, वायरमनच्या बायकोच्या कपबश्या, माझा फुलाफुलांचा पडदा, कोपऱ्यावरच्या दुकानदाराचा टेबलफॅन. मुलगी बघायला पाहुणे येवोत नाहीतर कुणाचा दूरचा साडू टपको, तेवढ्या वेळापुरतं ते घर सजतं. पाहुणे गेले की ज्याचं त्याला परत. कप फुटला तर भरून द्यायचा, पण कुणी बोलून दाखवायचं नाही. आणि पाहुण्यांसमोर कोणती वस्तू कुणाची हे तर मेलं तरी तोंडातून काढायचं नाही. वायरमनच्या धाकट्याने एकदा भर पाहुण्यांत "हा आमचा कप" असं म्हटलं होतं. त्याच्या आईने त्याला घरी नेऊन असा धुतला की अजून ते पोरगं कपातून काही पीत नाही.

मला या रीतीचा फार अभिमान वाटायचा. आता कुणी तिचं कौतुक करायला लागलं की माझं डोकं फिरतं.

मी शिवणकाम करते. माझं मशिन ज्या भिंतीला टेकलंय ती पत्र्याची आहे, आणि पलीकडे शेजारचं बिऱ्हाड. पत्र्याची भिंत म्हणजे नावालाच भिंत. त्यांच्याकडे कुणाला उचकी लागली तरी पाणी प्यायचं मला आठवतं. तिथे चौघं राहतात. आई लाँड्रीत कामाला जाते. तिला दोन मुलं, थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा. धाकटा पोटात असताना बाप कामावर उंचावरून पडला आणि गेला. तेव्हा मुलांची आत्या पाठच्या भावाच्या संसाराला आधार द्यायला म्हणून आली, ती कायमचीच राहिली. घरात चालायचं ते आत्याचंच.

थोरलीला सगळी गल्ली मास्तरीण म्हणायची. दुसऱ्याची चूक दिसली की तिच्या पोटात दुखायचं. दुकानदाराने हिशोब चुकवला की ती त्याला थांबवायची, मग चूक आपल्या फायद्याची का असेना. माझ्या पायरीवर पोरं बसवून ती शाळा घ्यायची आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा मलाही सोडायची नाही. मी मोठी असून तिच्याकडून "लक्ष कुठंय तुमचं, मावशी?" ऐकून घेतलंय. तिचा भाऊ तिच्या मागे मागे फिरायचा, म्हणून त्याचं नाव पडलं शेपूट. मास्तरीण पाणी भरायला निघाली की शेपूट रिकामा डबा घेऊन मागे.

गल्लीतली शाळा चौथीपर्यंत. पुढचं शिकायचं तर पुलापलीकडच्या मोठ्या शाळेत जायला हवं, आणि ते आमच्यासारख्यांच्या आवाक्यातलं नाही. पण त्या शाळेची एक संस्था होती. ती गरीब घरातलं एक मूल घ्यायची. फी नाही, कपडे, पुस्तकं आणि बस त्यांची, आणि वर दर महिन्याला घरी धान्याचं पोतं. पोर शाळेत गेलं की घराचे दोन कमावते हात कमी होतात, ती भरपाई म्हणून पोतं. ज्याच्या कुणाच्या डोक्यातून हे निघालं त्याने कधीतरी उपाशी पोट पाहिलं असणार. अट एवढीच की घरटी एक मूल, प्रवेश पाचवीलाच, आणि आधी संस्थेचं माणूस येऊन घर बघून जाणार.

मास्तरणीचं नाव गल्लीतल्या शाळेच्या सरांनी आपणहून पाठवलं. ती वर्गात पहिली होती आणि तिच्या अक्षराला बक्षीसही मिळालं होतं. उरलं होतं ते फक्त घर बघणं.

आत्याचा सगळा जन्म एका मोठ्या घरात पाहुण्यांना चहा देण्यात गेला होता. ट्रे कसा धरायचा, बशी कुठल्या बाजूने पुढे करायची, चहा ओतताना तोटी कुणाकडे करायची नाही, हे तिला झोपेत विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. पण तो चहा दुसऱ्याच्या घरचा, आणि ती कायम उभी. खांद्याला बॅग लावलेली एखादी बाई खास तिच्या घरी, तिच्या दारातून आत येणार, असं आयुष्यात पहिल्यांदा होत होतं.

आदल्या संध्याकाळी सामान यायला लागलं तेव्हा आईने हळूच म्हटलेलं मी भिंतीतून ऐकलं.

"वन्सं, त्या बाई मदत द्यायची का नाही ते बघायला येतायत. आपलं जे आहे ते दिसू दे की त्यांना."

"जे आहे ते म्हणजे काय गं? गळका पत्रा दाखवू?" आत्या म्हणाली. "मी मोठ्या घरात बघितलंय. नीटनेटकं माणूस आलं की पुढच्या दाराने आत, खुर्चीत. रडगाणं घेऊन आलेलं मागच्या दारी उभं राहून परत. चांगल्या शाळेत पोर कुणाचं घेतात? चांगल्या घरचं."

यावर आईने आलेलं सामान लावायला घेतलं. मीही माझा पडदा इस्त्री करून दिला. आत्याचं म्हणणं त्या वेळी सगळ्या गल्लीला पटलं होतं, कारण आम्हा सगळ्यांचा अनुभव तोच होता. फाटक्या कपड्यांत कुठल्याही कचेरीत जाऊन बघा, शिपाईच बाहेर काढतो.

पाहणीला आलेल्या बाई वयाने लहान होत्या, उन्हातून आल्याने लाल झाल्या होत्या. आत्याने त्यांना सलूनवाल्याच्या खुर्चीत बसवलं, दुकानदाराचा पंखा त्यांच्याकडे वळवला आणि वायरमनच्या कपातून चहा दिला. असा दिला की मोठ्या घरच्या मालकिणीने पाहिला असता तर तिलाही धन्य वाटलं असतं. मी दारात उभी होते. बाईंनी पडद्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या उसन्या घड्याळाकडे पाहिलं.

"किती छान ठेवलंय घर," त्या मनापासून म्हणाल्या. "पंखा तुमचाच का?"

"हो तर," आत्या म्हणाली.

"आणि घड्याळ?"

"माझ्या भावाने घेतलेलं."

मुलांच्या आईने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. पाहुण्यांसमोर बोलायचं नाही, हे आमच्या हाडीमासी भिनलेलं.

मग बाई मास्तरणीकडे वळल्या. "तू अभ्यासाला कुठं बसतेस गं?"

मास्तरीण अभ्यासाला माझ्या पायरीवर बसायची, कारण घरात दिवसाही उजेड नसतो. तिने आत्याकडे पाहिलं. आत्या ट्रे छातीशी धरून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मोडायची माझीही हिंमत झाली नसती.

"या खुर्चीत," मास्तरीण म्हणाली.

जन्मात तिने खोटं बोललेलं मी ते पहिलं ऐकलं. शेपटाने तोंड उघडलं होतं, ते त्याने मिटलं.

शेवटी कागदावर सह्या-अंगठे झाले. आईने अंगठा उठवला. मास्तरणीला तेव्हा त्याची लाज वाटायची, ती आईला चिडून अंगठेबहाद्दर म्हणायची. तिने स्वतःची सही केली तेव्हा बाईंनी कागद उचलून डोळ्यांजवळ धरला. "अगं, छापल्यासारखं अक्षर आहे तुझं!" म्हणाल्या. बाई गेल्यावर आत्याने सगळ्या कपबश्या स्वतः घासल्या आणि कपाकपागणिक आम्हाला ऐकवलं, "छान ठेवलंय घर म्हणाली."

निकाल सर घेऊन आले. दारातच उभे राहून सांगितला. घरची परिस्थिती मदतीची गरज वाटावी अशी नाही, असं संस्थेचं मत पडलं होतं. आत्याने त्यांना पुन्हा सांगायला लावलं. सरांनी पुन्हा सांगितलं, आणि आत्या तशीच खाली बसली.

आईने कामावर खाडा केला, पोरीला घेतलं आणि पूल ओलांडून कचेरीत गेली. तिथल्या कारकुनाला तिने सांगितलं की खुर्ची सलूनवाल्याची, पंखा दुकानदाराचा, पडदासुद्धा आमचा नाही. तो माणूस वाईट नव्हता, तिनेच सांगितलं मला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "बाई, तुम्ही तेव्हा खोटं बोललात की आत्ता बोलताय? दोन्हींतलं एक तर खोटं आहे ना. मग आम्ही कशावर विश्वास ठेवायचा?"

पुढच्या वर्षी या, असंही तो म्हणू शकत नव्हता, कारण प्रवेश पाचवीलाच. परत येताना पोर पुलावर थांबली आणि म्हणाली, "त्यांचं बरोबर आहे, आई. मीच खोटं बोलले."

आई हे मला सांगत होती तेव्हा मी एका बाईच्या झंपराची बाही उसवत होते. मी ती फाडून ठेवली. राग कुणाचा करायचा ते मला कळेना. त्या बाईंचा? त्यांनी जे पाहिलं ते लिहिलं. आत्याचा? तिने एकदाच आयुष्यात यजमानीण व्हायचं ठरवलं होतं. शेवटी राग आला तो त्या पोरीच्या वाक्याचा. लहान पोरीने असं मोठ्यांचं ओझं उचलून आपल्या डोक्यावर घ्यावं, आणि आम्ही थोरामोठ्यांनी ते घेऊ द्यावं!

महिनाभरात मास्तरीण आईबरोबर लाँड्रीत जायला लागली.

लाँड्री म्हणजे एक लांबलचक शेड. हॉटेलांच्या आणि हॉस्पिटलांच्या चादरी तिथे धुतात. एका टोकाला मोठमोठे हौद, त्यांत ब्लीच, मध्ये मशिनं, आणि दुसऱ्या टोकाला वाफेवरचा रोलर. रोलरमधून चादर गरम बाहेर येते, ती दोघींनी दोन टोकांना धरून ताणायची, एकमेकींकडे चालत यायचं, घडी घालायची आणि पुन्हा मागे जायचं. दिवसभर हेच. आईची जोडीदारीण काम सोडून गेली होती आणि मुकादमाने सांगितलं होतं, दुसरं टोक धरायला कुणीतरी आण नाहीतर तूही घरी बस. मग तिने पोरीला आणलं. मायलेकी दिवसभर चादर धरून एकमेकींकडे चालत यायच्या. मी एकदा शिवायच्या चादरी आणायला गेले होते तेव्हा पाहिलं. पोरीचे हात वर करूनही चादर खाली लोळत होती, म्हणून मुकादमाने तिला उभं राहायला खोकं दिलं होतं. तेवढी त्याची माणुसकी.

सुरुवातीला तिची मास्तरकी तिथेही चालली. चादरींच्या कोपऱ्यावर हॉस्पिटलाचं नाव आणि वॉर्ड छापलेला असतो. बाया तो आकाराने ओळखायच्या, आणि चुकायच्या. ही वाचायची. मुकादम खूश झाला आणि तिला घडीचं काम संपल्यावर हौदावर बसवायला लागला, मळक्या चादरी वॉर्डाप्रमाणे वेगळ्या करायला. त्यामुळे पगार वाढला नाही, फक्त हात ब्लीचमध्ये जायला लागले.

एक चांगलं मात्र झालं. शेडच्या काचेवर वाफ धरायची. जेवणाच्या सुट्टीत मास्तरीण त्या वाफेवर बोटाने आईचं नाव लिहायची आणि आईकडून गिरवून घ्यायची. आई म्हणायची, आता म्हातारपणी काय करायचंय मला? पोर म्हणायची, "अंगठा लावायचा नाही पुन्हा. मला लाज वाटते." आई वाफेवर लिहायची, वाफ ते पुसून टाकायची, ती पुन्हा लिहायची. कधीतरी एका दुपारी आई माझ्याकडे आली, माझ्या मापाच्या खडूने फरशीवर तिने आपलं नाव लिहिलं आणि माझ्या तोंडाकडे बघत बसली. मला वाचता येत नाही, पण मी म्हटलं, झकास आलंय.

तोवर मास्तरणीची शाळा माझ्या पायरीवरून बंद पडली होती. संध्याकाळी येऊन ती फक्त शेपटाचा अभ्यास घ्यायची, डोळे मिटत असले तरी. त्याचं चुकलं की मिटल्या डोळ्यांनीच दुरुस्त करायची. एकदा मी तिला सुईत दोरा ओवून मागितला. पूर्वी ती एका दमात ओवायची. या वेळी दोरा तिच्या हातातून दोनदा निसटला.

"बोटं गुळगुळीत झालीत, मावशी," ती हसून म्हणाली. "दोरा धरलाय का नाही, कळतच नाही."

मी तिचा हात उजेडात धरला. बोटांची टोकं पांढरी पडली होती आणि कातडं जुन्या साबणासारखं झालं होतं.

मग शेपूट चौथी पास झाला आणि सरांनी त्याचंही नाव पाठवलं.

आता मात्र गल्ली शहाणी झाली होती. तीच माणसं, तोच उत्साह, फक्त उलटा. वायरमनची बायको येऊन त्यांचं एकुलतं एक चांगलं पातेलं आपल्या घरी घेऊन गेली. दुकानदाराने भिंतीवरचा देखावा असलेलं जुनं कॅलेंडर काढायला लावलं, म्हणे सुखवस्तू दिसतं. सलूनवाल्याचं मत पडलं की पत्र्याला आणखी एखादं भोक पाडावं. मी म्हटलं, भोकांची टंचाई असेल तर माझ्याकडची घेऊन जा, पण भिंतीला हात लावाल तर कात्री आहे माझ्या हातात. हसले सगळे. गरिबीसुद्धा जशी आहे तशी दाखवून चालत नाही, ती मांडावी लागते, हे आम्ही शिकलो होतो. आत्या एका कोपऱ्यात पाठ करून बसून होती. तिचं घर लोक रिकामं करत होते आणि ती एकालाही हो किंवा नाही म्हणाली नाही.

जाता जाता सलूनवाल्याने आणखी एक बातमी दिली. त्याच्याकडे त्या शाळेचा शिपाई दाढीला यायचा. या वर्षी अर्ज फार आलेत, तो म्हणाला. ज्या घरातलं त्या मुलाशिवाय दुसरं कुणीही शाळेची पायरी चढलेलं नाही, ते घर आधी घेणार. बाकीच्यांचं नंतर बघू, आणि नंतर म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच आहे.

मास्तरीण तेव्हा दाराबाहेर पाणी भरत होती. डबा भरून वाहायला लागला, तरी तिने तो उचलला नाही.

सगळे गेल्यावर भिंतीपलीकडून आवाज आले.

"पोरीला त्या दिवशी कामावर पाठव," आत्या म्हणत होती.

"सगळ्यांनी घरी थांबायला सांगितलंय, वन्सं."

"मग तिला एवढंच सांग की..."

"मी नाही सांगणार." आईचा आवाज मी इतका चढलेला कधी ऐकला नव्हता. "तुम्हीपण सांगायचं नाही. एकदा तिला खोटं बोलायला लावलं आपण. तेवढं पुरे झालं."

मी मशिन चालवायचं थांबवलं होतं, ते पुन्हा सुरू करायची मला भीती वाटली.

सकाळी मास्तरीण माझ्याकडे आली. ओढणीत बांधलेलं एक गाठोडं तिने माझ्या मशिनखाली सरकवलं. मला ते उघडून बघायची गरज नव्हती. चौथीपर्यंतची तिची पुस्तकं होती, आणि अक्षराचं बक्षीस म्हणून मिळालेलं पेन, जे ती कुणाला हात लावू देत नसे.

"हे ठेवा तुमच्याकडे, मावशी. त्या येऊन जाईपर्यंत."

"तुला कुणी सांगितलं का असं करायला?"

"नाही," ती म्हणाली. आणि ते खरंच होतं.

या वेळच्या पाहणीच्या बाई वेगळ्या होत्या, वयस्क, गुडघे दुखत असलेल्या. आधीच्या अर्जाबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. बसायला खुर्ची नव्हती म्हणून त्या डब्यावर बसल्या. आत्याने पोचे पडलेल्या पेल्यातून पाणी दिलं. पेला पुढे करताना तिचा दुसरा हात सवयीने बशी धरल्यासारखा खाली गेला. बशी नव्हती. तिने हात मागे घेतला.

बाईंनी घर पाहिलं, मान हलवली, कागदावर काहीबाही लिहिलं. मग शेपटाला पुस्तक देऊन वाचायला सांगितलं. त्याने खडाखडा वाचलं.

"अरे वा! कुणी शिकवलं रे तुला इतकं छान?"

शेपटाची मान बहिणीकडे वळली. ती पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होती, वर बघत नव्हती. पोरगं लहान, त्याला कोण काय सांगणार होतं?

"शाळेतल्या सरांनी," शेपूट म्हणाला. आणि मग तो रडेल असं मला वाटलं, पण रडला नाही.

"आणि तू गं? तू जात नाहीस शाळेत?"

"नाही," मास्तरीण म्हणाली.

"कधीच गेली नाहीस?"

आईने पदर तोंडाशी धरला. आत्याने डोळे मिटले. घरात आम्ही सगळे होतो, आणि खरं काय ते सगळ्यांना ठाऊक होतं.

"नाही. कधीच नाही."

बाईंनी कळवळून "अरेरे" म्हटलं. त्या चांगल्या बाई होत्या. दोन्ही वेळा चांगल्याच बाई आल्या, हेच तर. वाईट असत्या तर शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं.

मग त्यांनी कागद आईपुढे धरला आणि शाईचा डबा उघडला. आईने डबा बाजूला सारला आणि पेन मागितलं. जमिनीवर कागद ठेवून, ओठ दाताखाली धरून, तिने एकेक अक्षर काढत आपलं नाव लिहिलं. बाईंना आश्चर्य वाटलं.

"कुठं शिकलात हो सही?"

"कामावर," आई म्हणाली. याहून जास्त ती खरं बोलू शकत नव्हती, आणि खोटं तिला बोलायचं नव्हतं.

"मुलाला रोज बसपर्यंत कोण सोडणार?"

"मी," मास्तरीण म्हणाली. "कामावर जाता जाता."

"मग तुझीपण खूण लागेल बाळ. आईसारखी सही येते का?"

बाईंनी पेन तिच्यापुढे धरलं होतं. तिने त्या पेनाकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती घेईल. एकदा हातात पेन आलं की तिला राहवणार नाही, छापल्यासारखं नाव उमटेल आणि सगळ्या नाटकावर पाणी पडेल. खरं सांगते, तसं व्हावं असं मला क्षणभर वाटलं. जाऊ दे ते पोतं, जाऊ दे ती शाळा.

तिने पेन परत केलं आणि अंगठा पुढे केला.

बाईंनी तो शाईत बुडवून कागदावर दाबला. उचलला तर नुसता काळा डाग. एकही रेघ नाही. "उमटला नाही गं नीट," त्या म्हणाल्या आणि पुन्हा दाबला. पुन्हा डाग. त्यांनी तिचा अंगठा उजेडात धरून पाहिला, स्वतःच्या रुमालाने पुसला. "रेघाच नाहीत की याच्यावर. दुसऱ्या हाताचा दे बरं."

तिने दुसरा हात दिला. तोही तसाच. आई बघत होती. नुकतीच आपली सही केलेल्या पेनाचं टोपण तिच्या मुठीत होतं, ते कडकन मोडल्याचा आवाज आला.

"राहू दे. डाग तर डाग," बाई शेवटी म्हणाल्या. "तुझाच आहे ना, मग झालं."

शेपटाला जागा मिळाली. धान्याचं पोतं येतं, दर महिन्याला येतं, आणि आत्या ते निवडायला दारात बसते. गणवेश मीच मापाचा करून दिला. रोज सकाळी मास्तरीण त्याला बसमध्ये बसवते आणि बस पुलावर चढेपर्यंत थांबते. मग लाँड्रीचा रस्ता धरते. आता पुढे ती चालते आणि तो मागे असं नाही, तो पुढे पळतो आणि ती त्याचं दप्तर घेऊन मागे असते.

काही दिवस वाट बघून मी गाठोडं काढलं आणि तिला हाक मारली. "घेऊन जा गं तुझी पुस्तकं. मशिनखाली उंदीर कुरतडतील."

ती दारात आली. पलीकडे शेपूट मोठ्याने धडा वाचत होता. तिने गाठोड्यावरून हात फिरवला, पण घेतलं नाही.

"राहू दे तुमच्याकडेच, मावशी. दर वर्षी बघायला येतात म्हणे. अचानक."

तेवढ्यात आत शेपूट एका ओळीत चुकला. ती ओळ मी तिच्या तोंडून इतक्यांदा ऐकली होती की मलासुद्धा चूक कळली. मास्तरीण झटकन भिंतीकडे वळली, तिने तोंड उघडलं. मग तिने मान बाहेर काढून गल्लीत दोन्ही बाजूंना पाहिलं, कुणी परकं तर नाही ना. गल्लीत कुणीच नव्हतं. तरी ती काही बोलली नाही. शेपूट तीच चूक घेऊन पुढे वाचत गेला.